सोलापूरच्या उन्हाळ्यात घरच्या टँकमधले प्रवाळ का मिटतात?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात. जुळे सोलापुरात वरच्या मजल्यावरचा फ्लॅट. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच खाऱ्या पाण्याचा टँक. सम्प (टँकखालची जास्तीच्या पाण्याची टाकी) नाही, मागे टांगलेला फिल्टर आहे. क्लाउनफिशची जोडी, एक लेदर, झोआंच्या दोन वसाहती आणि काही मशरूम (तिन्ही दगडी सांगाडा नसलेले मऊ प्रवाळ). होळीपर्यंत सगळं टवटवीत होतं. एप्रिल लागल्यापासून लेदर मिटून बसलंय, झोआ अर्धवट उघडतात आणि दोन मशरूम पांढरे पडत चाललेत. खारेपणा ३५ (हजार भागांत), तापमान २८, नायट्रेट ८, केएच (पाण्याची आम्ल झेलण्याची क्षमता) ८, म्हणजे आकडे सगळे ठीक. मग लाइट बदलावा का? प्रवाळांचं टॉनिक वाढवावं का? आणि एक विक्रेता दगडी प्रवाळाचे तुकडे स्वस्तात देतोय, ते घ्यावेत का?

लाइट बदलू नका, टॉनिकची बाटली कपाटात ठेवा आणि ते तुकडे घेऊ नका. तिन्हींची कारणं पुढे देतो. त्याआधी तुमच्या आकड्यांबद्दल बोलू, कारण दुखणं तिथेच सापडेल असं मला वाटतं. तुम्ही लिहिलंय की तापमान सकाळी कामाला निघण्याआधी बघता, टँकमध्ये आरओचं पाणी तीन दिवसांतून एकदा भरता आणि खारेपणा रविवारी, पाणी भरून झाल्यावर मोजता. म्हणजे तापमान दिवसातल्या सगळ्यांत गार वेळी घेतलं जातंय आणि खारेपणा पाणी पूर्ववत झाल्यावर. आकडे खरे आहेत, पण ते टँकच्या चांगल्या तासांचे आहेत. प्रवाळ उरलेल्या तासांत त्रास काढतायत.

या आठवड्यात दोन्ही मोजमापं उलटी करा. तापमान संध्याकाळी सहा ते नऊच्या दरम्यान घ्या आणि खारेपणा पाणी भरण्याच्या आधी. तापमान ३१ च्या पुढे आणि खारेपणा ३८ च्या आसपास निघाला तर मला नवल वाटणार नाही. दुपारी दोनला नको, संध्याकाळीच बघा. तुमच्या डोक्यावर थेट स्लॅब आहे. तो दिवसभर ऊन पितो आणि सूर्य मावळल्यावर घरात सोडतो, त्यात पाणी तापतंही सावकाश आणि निवतंही सावकाश. बाहेर वारा सुटून माणसाला बरं वाटायला लागतं तेव्हा टँक दिवसातल्या सगळ्यांत वाईट अवस्थेत असतो.

उष्णतेने नेमकं काय होतं ते समजून घ्या, म्हणजे उपाय का करायचे ते कळेल. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म एकपेशीय शैवाल राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. तुमच्या मशरूमचा आणि झोआंचा बराचसा रंग या शैवालाचाच असतो. पाणी फार तापलं की शैवालाची प्रकाशातून अन्न करण्याची यंत्रणा बिघडते, पण वरून उजेड येतच राहतो. न वापरली गेलेली ही ऊर्जा ऑक्सिजनची घातक रूपं तयार करते, आणि प्रवाळ स्वतःला वाचवायला शैवालच बाहेर टाकतो. तो पांढरा पडतो तो असा. या टप्प्याला तो मेलेला नसतो, उपाशी असतो. समुद्रातही असंच होतं. त्या भागाच्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी जेमतेम एका अंशाने जास्त, पण आठवडेच्या आठवडे राहिलं की प्रवाळांचे पट्टेच्या पट्टे पांढरे पडतात. १९९८ मध्ये लक्षद्वीपला याचा जबर फटका बसला होता. एप्रिल २०२४ मध्ये तर अमेरिकेच्या नोआ या संस्थेने जगभरातल्या प्रवाळांच्या चौथ्या मोठ्या विरंजनाची, म्हणजे पांढरं पडण्याची, घोषणा केली.

उजेड आणि उष्णता मिळून घात करतात हे एवढ्यासाठी सांगतोय की तुम्ही जास्त ताकदीचा लाइट घ्यायच्या विचारात आहात. तापलेल्या पाण्यात जास्त उजेड म्हणजे आजारी जीवावर जास्त भार. आत्ता करायचं ते उलट आहे: आहे तो लाइट तीस टक्क्यांनी उतरवा आणि वेळ बदला. दुपारी तो लावूच नका. पहाटे पाच ते दुपारी बारा चालेल असा टायमर लावा. प्रवाळांना घड्याळ कळत नाही, सात-आठ तासांचा नियमित दिवस मिळाला की पुरे. मशरूमना तसाही फार उजेड लागत नाही, ते तळाशी आडोशाला खूष असतात. झोआ मध्यावर आणि लेदर त्याच्या थोडं वर, ही मांडणी तुमच्या उंचीच्या टँकला पुरते.

आता खारेपणाचा हिशेब. तुमचा टँक काठोकाठ १९० लिटरचा आहे. दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता आत पाणी धरा १६० लिटर. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की उघड्या टँकमधून, त्यातही पंखा लावलेला असेल तर, दिवसाला पाच लिटर पाणी सहज उडतं. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. पहिल्या दिवशी ३५ चे ३६ होतात. तीन दिवसांत पंधरा लिटर उडालं की उरलेल्या १४५ लिटरमध्ये तेवढंच मीठ, म्हणजे खारेपणा ३८ च्या वर. मग तुम्ही बादलीभर आरओ ओतता आणि दहा मिनिटांत तो परत ३५ वर येतो. तीन दिवस चढ, दहा मिनिटांत उतार, आणि हे आठवड्यातून दोनदा. मऊ प्रवाळांना स्वतःच्या शरीरातलं पाणी आणि क्षार यांचा तोल वेगळा राखता येत नाही, बाहेरचं पाणी जसं बदलतं तसं आतलं बदलतं. तुमचं लेदर मिटून बसलंय त्यामागे मला उष्णतेइतकाच हा झोका दिसतो.

उपाय स्वस्त आहे आणि सोलापूरसाठी तर तो घडवल्यासारखा आहे. मुंबईतल्या माणसाला मी टँकवर पंखा लावायला सांगताना दहादा विचार करेन, तिथल्या दमट हवेत पाणी उडतच नाही. आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी हवा ४२ अंशांची पण कोरडीठाक असते. अशा हवेत पंखा जोरात काम करतो. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं तेच कारण इथे आहे. एक लिटर पाणी उडताना जेवढी उष्णता ओढून नेतं तेवढी न्यायला सात किलोच्या वर बर्फ वितळवावा लागेल. म्हणून काचेचं झाकण असेल तर ते काढा आणि मासे उडी मारू नयेत म्हणून त्याजागी बारीक जाळी बसवा. कॉम्प्युटरला असतात तसे १२ व्होल्टचे दोन पंखे पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपे वाहतील असे लावा आणि ते एसटीसी-१००० सारख्या तापमान-कंट्रोलरवर चालवा: २७ ला सुरू, २६.५ ला बंद. कंट्रोलरचा सेन्सर पंख्याच्या वाऱ्यात नको, पाण्यात खोल बुडालेला हवा. पंखे, पंप, लाइट सगळं ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे (वीज गळताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचमागे) घ्या. खारं पाणी आणि वीज शेजारी नांदतात तिथे हा खर्च टाळू नका, घरात मुलं असतील तर मुळीच नाही. प्रत्येक वायर सॉकेटपाशी जाण्याआधी खाली झोल घेऊन वर जाऊ द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब प्लगपर्यंत पोचणार नाही.

२५ अंशांचा हट्ट मात्र धरू नका. परदेशी व्हिडिओंत तोच आकडा सांगतात, पण आपल्या उन्हाळ्यात तो गाठायला चिलर अखंड चालवावा लागतो. रोज २६ ते ३१ असा झोका खाणाऱ्या टँकपेक्षा सातत्याने २७ वर थांबलेला टँक कितीतरी चांगला. अर्ध्या-एक अंशाचा फरक चालेल. चिलर घेणारच असाल तर तो कॅबिनेटमध्ये बंद करू नका. पाण्यातून काढलेली उष्णता तो मागच्या बाजूने हवेत सोडतो, बंद जागेत तीच परत ओढून घेतो आणि दमतो. खोलीत एसी असेल तर तो २७-२८ वर ठेवणं पुष्कळदा चिलरपेक्षा सोयीचं पडतं, घरची माणसंही सुखी राहतात. वाळ्याचा कूलर चालतो. त्याने खोली गार होते, पण हवा दमट झाल्यामुळे टँकवरच्या पंख्याचं काम थोडं मंदावतं. दोन्ही मिळून टँक २८ च्या आत राहत असेल तर काळजी नको.

पंखा लावला की पाणी आणखी उडणार, म्हणून त्याच्या जोडीला आपोआप पाणी भरणारी सोय हवीच. पंप-सेन्सरवाली तयार यंत्रं मिळतात, पण मी साधी रचना सुचवतो: टँकपेक्षा उंचीवर दहा लिटरचा कॅन, त्यातून बारीक नळी आणि टँकच्या कोपऱ्यात बॉल व्हॉल्व्ह, कूलरमध्ये असतो तसाच, मात्र पूर्ण प्लास्टिकचा. पितळी दांडी किंवा पितळी नट असलेला घेऊ नका, पितळेत तांबं असतं. वीज गेली तरी ही रचना चालते. कॅन दहा लिटरचाच ठेवायचा, कारण व्हॉल्व्ह एखाद्या दिवशी अडकून उघडा राहिला तर सगळा कॅन टँकमध्ये उतरेल. १६० लिटरमध्ये दहा लिटर गोडं पाणी गेलं तर खारेपणा ३३ च्या आसपास येईल, प्रवाळ तेवढं सोसतात. पन्नास लिटरचा ड्रम जोडला असेल तर सोसणार नाहीत. भरायचं ते निव्वळ आरओचं पाणीच. उडालेल्या पाण्याच्या जागी मीठ कालवलेलं पाणी टाकणारी माणसं मला दरवर्षी भेटतात.

आत्ता खारेपणा ३८ निघाला तर एका दिवसात खाली आणू नका. रोज टँकमधून चार लिटर खारं पाणी काढायचं आणि तेवढंच आरओचं घालायचं. त्याने तुमच्या टँकमध्ये दिवसाला सुमारे एका अंकाने उतार पडेल. याशिवाय रोज उडालेलं पाणी वेगळं भरायचं. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून उजेड किती वळतो त्यावरून खारेपणा दाखवणारं उपकरण) घ्या, हलत्या काट्याचं प्लास्टिकचं उपकरण विसरा. रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर शून्याला लावण्यापेक्षा ३५ च्या प्रमाणित द्रावणावर जुळवा. आणखी एक गोष्ट आपल्या गावासाठी महत्त्वाची: या उपकरणांची तापमान-दुरुस्ती बहुधा १० ते ३० अंशांपर्यंतच विश्वासाची असते. ३६ अंशांच्या खोलीत दुपारी घेतलेलं माप फसवू शकतं. उपकरण गार खोलीत ठेवा, त्यावर दोन थेंब टाका, अर्धा मिनिट थांबा, मग वाचा. टेस्ट किटच्या बाटल्याही लाइटच्या शेजारी किंवा टँकच्या कॅबिनेटमध्ये तापत ठेवू नका.

पाणी कुठलं वापरता ते तुम्ही लिहिलेलं नाही, फक्त 'घरचं आरओ' म्हटलंय. इथे थांबून नीट बघा. आपल्याकडे उजनी धरणाचं पाणी रोज येत नाही आणि मधल्या दिवसांत बोअर चालतो. बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) अनेक ठिकाणी चार आकडी असतो. घरगुती प्युरिफायरमध्ये चवीसाठी टीडीएस कंट्रोलर नाहीतर मिनरल कार्ट्रिज असतं. ते मेम्ब्रेनमधून (आरओच्या गाळणीतून) आलेल्या स्वच्छ पाण्यात थोडं मूळ पाणी किंवा क्षार परत मिसळतं. तुमच्या पिण्याला ते ठीक, टँकला नाही. हल्ली तर 'कॉपर'वाले प्युरिफायर घरोघरी आहेत, ते पाण्यात मुद्दाम तांबं सोडतात. माणसाला चालेल एवढं तांबंसुद्धा प्रवाळ, कोळंबी, गोगलगाय यांना विष आहे. तुमच्या घरी तसलं यंत्र असेल तर हेच तुमच्या दुखण्याचं अर्धं कारण असू शकतं, त्यातलं एक लिटरही यापुढे टँकमध्ये जायला नको. मेकॅनिकला सांगून मेम्ब्रेनच्या लगेच पुढे एक वेगळी तोटी काढून घ्या, तिच्यावर डीआय रेझिनचं (उरलेसुरले क्षार शोषणारं) कार्ट्रिज बसवा आणि टीडीएस मीटरवर शून्य ते दोन येईल तेवढंच पाणी वापरा. तांब्याची शंका असेल तर तांबं शोषणारं रेझिन, ते मिळेपर्यंत ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन, आणि पाण्याचे दोन-तीन मोठे बदल. पाणी भरायची वेळ पहाटेची धरा. गच्चीवरच्या टाकीतलं दुपारचं पाणी इतकं तापलेलं असतं की मेम्ब्रेन क्षार नीट अडवत नाही आणि लवकर खराबही होते.

महिनाभर हा हिशेब पुरवायचा तर आठवड्याला उडालेल्यासाठी पस्तीस आणि बदलासाठी पंधरा, असं पन्नास लिटर शुद्ध पाणी लागेल. त्यासाठी आरओ शंभर-दीडशे लिटर टाकाऊ पाणी सोडेल. पाण्यासाठी आपलं शहर कसं अडतं हे तुम्हाला सांगायला नको. ते पाणी ड्रममध्ये धरा आणि फरशी, संडास, गाडी यांना वापरा. कुंड्यांना मात्र घालू नका, क्षार मातीत साठतात. हे जमत नसेल तर टँक लहान ठेवलेला बरा, असं मला मनापासून वाटतं.

टॉनिक, ॲमिनो ॲसिड, कॅल्शियम, केएच बफर. तुम्ही चारही घालताय. लेदर, झोआ, मशरूम यांना दगडी सांगाडा बांधायचा नसतो, त्यांचा कॅल्शियमचा खप जवळजवळ नगण्य. चांगल्या सॉल्ट मिक्सने आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं की त्यांना लागणारं सगळं मिळतं. लिटरमागे साधारण ३६-३८ ग्रॅम मीठ लागतं. रात्री पंप लावून मिसळायचं, सकाळी खारेपणा आणि तापमान टँकशी जुळवायचं, मग घालायचं. केएच ८ आहे, तो ८ च राहू दे. त्याच्यामागे पावडर घेऊन धावण्यात तो रोज खालीवर होतो आणि तेच बाधतं. केएच वाढवायला पानाचा चुना पाण्यात कालवून घालायचा सल्ला अधूनमधून ऐकू येतो, तो ऐकू नका. त्यात काय मिसळलेलं आहे याची खात्री नसते, आणि चुन्याचं पाणी इतकं तीव्र असतं की हात चुकला तर पीएच झटकन चढतो. नायट्रेट ८ चांगला आहे, तो शून्यावर आणायच्या मागे लागू नका, मऊ प्रवाळांना थोडं खत लागतंच.

लोडशेडिंग आणि उन्हाळी वादळांत जाणारी वीज हा वेगळा विषय आहे, कारण यात टँक काही तासांत जाऊ शकतो. पंप थांबला की पृष्ठभाग हलत नाही आणि ऑक्सिजन आत येत नाही. मुळात गरम खाऱ्या पाण्यात तो कमी मावतो: २५ अंशांना लिटरमागे साधारण ६.७ मिलिग्रॅम, ३० अंशांना ६.२. रात्री तर शैवालही ऑक्सिजन देत नाही, उलट घेतं. म्हणून इन्व्हर्टरवर सगळ्यांत आधी पाणी हलवणारा वेव्हमेकर घ्या, मग पंखे, लाइट अजिबात नको. १५० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १८०० वॉट-अवर देते. निम्मी धरली तरी दहा वॉटचा वेव्हमेकर आणि दहा वॉटचे पंखे ती दिवसभराहून जास्त ओढते. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा असावा, स्क्वेअर वेव्हवर चुंबकी पंप घुमतात आणि तापतात. इन्व्हर्टर नसेल तर सेलवर चालणारा हवेचा पंप दोन-तीनशे रुपयांच्या आसपास मिळतो, तो आजच आणा.

वीज बराच वेळ नाही आणि पाणी ३० कडे निघालंय, अशा वेळी पाण्याच्या बंद बाटल्या फ्रीजरमध्ये गोठवलेल्या असाव्यात. तुमच्या टँकमध्ये एक अंश उतरायला साधारण दीड किलो बर्फ लागतो. बाटली बाहेरून धुऊन तरंगत ठेवा, पण एकामागून एक टाकत तासाभरात तीन अंश उतरवू नका. टँकच्या मागच्या आणि बाजूच्या काचांवर ओले टॉवेल लावले तरी फायदा होतो. कोरडा वारा असेल तर काच चांगली गार होते, शिवाय या उपायात टँकमधलं पाणी उडत नाही. पाणी ठिबकून बोर्डावर जाणार नाही एवढं बघा.

घरातल्या हवेतून येणारी विषं लोक विसरतात. डासांचं लिक्विड आणि कॉइल यांत पायरेथ्रॉइड जातीची कीटकनाशकं असतात, ती पाण्यातल्या कोळंबी-खेकड्यांसारख्या जीवांना फारच घातक. टँकच्या खोलीत ती वापरू नका, मच्छरदाणी लावा. पेस्ट कंट्रोल, रंगकाम, फिनेल, फवारे यांच्या वेळी टँक झाकून हवेचा पंप बंद ठेवा किंवा त्याची नळी बाहेरून हवा घेईल अशी करा. आणि मिटलेलं लेदर स्वतःही पाण्यात रसायनं सोडतं, शेजारच्या झोआंना ती बाधतात. फिल्टरमध्ये मूठभर ॲक्टिव्हेटेड कार्बन ठेवा आणि तीन आठवड्यांनी बदला.

झोआंबद्दल एक इशारा, तो कृपया घरातल्या सगळ्यांना सांगा. झोआ आणि विशेषतः त्यांचे जवळचे नातलग पॅलिथोआ यांच्या अंगात पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय तीव्र विष असू शकतं. नुसतं टँकमध्ये ठेवल्याने काही होत नाही. पण ते कापताना, दगडावरून खरवडताना हातमोजे आणि चश्मा लागतोच. झोआ असलेला दगड कधीही उकळू नका, त्यावर गरम पाणी ओतू नका, ब्रशने जोरात घासू नका. ती वाफ नाकातोंडात गेल्याने परदेशात अख्खी कुटुंबं रुग्णालयात दाखल झालेली आहेत. असा संपर्क आल्यावर खोकला, धाप, ताप, तोंडात कडवट धातूसारखी चव जाणवली तर थांबू नका, रुग्णालयात जा आणि डॉक्टरांना 'पॅलिटॉक्सिन' हा शब्द सांगा.

आता ते स्वस्तातले दगडी तुकडे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये २००१ पासून रीफ बांधणारे सगळे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि सी फॅन यांचा समावेश आहे. वाघाला जे संरक्षण आहे तेच यांना. पकडणं, विकणं, विकत घेणं, बाळगणं हे सगळं गुन्ह्यात येतं, आणि मेलेला सांगाडाही त्यातून सुटत नाही. म्हणून किनाऱ्यावरून उचललेला पांढरा प्रवाळाचा दगडही 'लाइव्ह रॉक' म्हणून आणू नका, सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे तयार दगड वापरा. तुमचे लेदर, झोआ, मशरूम या नोंदींत येत नाहीत, तरी खरेदीचं बिल जपून ठेवा. विदेशी जातींचं म्हणाल तर साइट्स (धोक्यातल्या वन्य जातींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) याच्या यादीतल्या जिवंत प्राण्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करायचा नियम २०२४ मध्ये आला आहे. विक्रेता 'सगळे ठेवतात' म्हणाला तर ते उत्तर नव्हे.

कायदा बाजूला ठेवला तरी मी नकोच म्हणेन. महाराष्ट्राचे स्वतःचे प्रवाळ आहेत. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं आणि विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात, कान्होजी आंग्र्यांचं नाव असलेला आंग्रिया बँक हा बुडालेला प्रवाळांचा पठार आहे. घुमटासारखे वाढणारे दगडी प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. हातात मावणारा गोळा म्हणजे कितीतरी वर्षांचं आयुष्य, आणि तो छिन्नीने तोडून पिशवीत घालायला पाच मिनिटं लागतात. मऊ प्रवाळ मात्र घरच्या टँकमध्ये भराभर वाढतात. लेदरचा कापलेला तुकडा दगडाला धरला की नवं लेदर होतं, मशरूम आपोआप दुणावतात. ओळखीच्या छंदी माणसाकडून असे घरी वाढवलेले तुकडे घ्या, उद्या तुम्हीही कुणाला देऊ शकाल.

हिवाळ्याचं एका वाक्यात: गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत रात्री पारा पंधराच्या आसपास उतरतो, तेव्हा तुमच्या टँकला १५० वॉटचा हीटर त्याच कंट्रोलरवर लावा.

दुरुस्तीनंतर काय दिसेल तेही सांगतो, नाहीतर चार दिवसांत तुम्ही पुन्हा काहीतरी ओताल. पाणी २७ आणि ३५ वर थांबलं की झोआ सगळ्यांत आधी, बहुधा आठवड्याभरात उघडतील. न उघडणाऱ्या झोआंच्या देठांत रात्री टॉर्च घेऊन बारीक गोगलगायीसारखे किडे किंवा त्यांची अंड्यांची गोल वेटोळी दिसतात का बघा, दिसली तर सांगा, त्याचा उपाय वेगळा. लेदर वेळ घेईल. त्याच्यावर चकचकीत मेणासारखा पापुद्रा आलेला दिसला तर घाबरू नका, लेदर अधूनमधून कात टाकतं. पापुद्रा निघून जाईल एवढा वाहता प्रवाह त्याच्याकडे वळवा, हाताने सोलू नका. पापुद्रा गेल्यावर पॉलिप (फुलासारखे बारीक जीव) बाहेर येतील. देठ काळपट, लिबलिबीत झाला आणि वास आला तरच धारदार ब्लेडने निरोगी भाग वेगळा करा.

पांढरे मशरूम सावलीत तळाशी न्या. त्यांचं शैवाल परत वसायला महिना ते तीन महिने लागू शकतात, तोवर त्यांना भरवावं लागेल. मीठ-हळद न लावलेली कच्ची कोळंबी धुऊन अगदी बारीक चिरा, किंवा फ्रोझन आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव) घ्या. आठवड्यातून दोनदा पंप बंद करून कणभर मशरूमच्या तोंडावर ठेवा. कडा आत वळून त्यांनी तो धरला म्हणजे मशरूम जिवंत आहे. वीस मिनिटांनी पंप सुरू करा आणि न खाल्लेलं ड्रॉपरने काढून टाका, गरम पाण्यात ते संध्याकाळपर्यंत सडतं. एखादा मशरूम शेंबडासारखा विरघळायला लागला तर त्याची वाट बघू नका, दगडासकट बाहेर काढा आणि त्या दिवशी पंधरा लिटर पाणी बदला.